चॅट्सवर्थ आणि तिथले माळी

कुठलाही राजवाडा बघायला गेले की माझा पहिला प्रश्न असतो, इथे पाणी कुठून येतं? ही सवय आजोबांची. ते गायकवाड सरकारच्या बाग खात्यात मुकादम होते, आणि बडोद्याच्या कमाटीबागेत त्यांचं आयुष्य गेलं. आम्हा नातवंडांना बागेत नेलं की फुलांच्या आधी ते पाट दाखवायचे. कुठला पाट कुठे वळतो, उन्हाळ्यात कुठला आधी कोरडा पडतो, कुठल्या झाडाला किती दिवसांनी पाणी लागतं, सगळं त्यांना तोंडपाठ. पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकले, शाळेत शिकवलंही, पण बाग बघायला शिकले ती त्या पाटांच्या काठी.

लेक शेफिल्डला असते. करोनाच्या आधीच्या एका उन्हाळ्यात तिच्याकडे राहायला गेले होते. लंडन, तिथले राजवाडे, संग्रहालयं असं सगळं तिने आखून ठेवलं होतं. पण जावई म्हणाले, "आई, तुम्हाला बागांचं इतकं वेड आहे, तर चॅट्सवर्थ बघितल्याशिवाय जाऊ नका. इथून बस जाते." चॅट्सवर्थ म्हणजे डेव्हनशायरच्या ड्यूकांचा राजवाडा. पॅक्स्टन या एकोणिसाव्या शतकातल्या नामवंत माळ्याचं नाव मी ऐकून होते. पॅक्स्टन चॅट्सवर्थचा, हेही माहीत होतं. ते चॅट्सवर्थ लेकीच्या घरापासून बसच्या अंतरावर आहे, हे मात्र तेव्हाच कळलं. थेपले आणि लिंबाचं गोड लोणचं डब्यात घेतलं, नातवाला बरोबर घेतलं आणि निघालो.

शेफिल्ड मागे पडलं की रस्ता चढत जातो आणि वर नुसतं माळरान लागतं. झाड नाही, शेत नाही, गवत आणि हेदरची खुरटी झुडपं. मग रस्ता उतरायला लागतो आणि खाली डर्वेंट नदीच्या खोऱ्यात ते घर दिसतं. पिवळसर दगडाचं, लांबरुंद, मागे दाट झाडीचा डोंगर, पुढे हिरवीगार कुरणं आणि त्यात चरणाऱ्या मेंढ्या. हा देखावा निसर्गाने दिला असेल असं वाटतं, पण तो माणसांनी घडवलेला आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर डेव्हनशायरच्या चौथ्या ड्यूकने बागा आखणाऱ्या लॅन्सलॉट ब्राऊनला बोलावलं. या ब्राऊनला सगळे 'केपेबिलिटी' ब्राऊन म्हणत. आधीच्या आखीव वाफ्यांची बरीचशी बाग मोडून त्याने हिरवळ केली, झाडांचे पुंजके लावले आणि नदीसुद्धा हवी तशी दिसावी म्हणून तिचं पात्र बदललं. पुलाची आखणी जेम्स पेन या वास्तुविशारदाची. मी पुलावर थांबून बराच वेळ बघत राहिले. अडीचशे वर्षांपूर्वी ज्याने ही झाडं लावून घेतली, त्याला ती पूर्ण वाढलेली कधीच दिसणार नव्हती. तरी त्याने ती आज बघणाऱ्यांच्या नजरेचा हिशेब धरून लावली.

घराचा इतिहास थोडक्यात सांगते. 1549 साली बेस ऑफ हार्डविक आणि तिचा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश यांनी ही जमीन विकत घेतली आणि 1552 मध्ये बांधकाम काढलं. स्कॉटलंडची राणी मेरी कैदेत असताना तिला इथे अनेकदा आणून ठेवलं होतं. आज दिसतं ते घर मुख्यतः पहिल्या ड्यूकने 1687 ते 1707 या काळात नव्याने बांधलेलं. या घराण्याकडे तांब्याच्या खाणी होत्या, आयर्लंडमध्ये जमिनी होत्या, ठिकठिकाणची कुळं खंड भरत होती. एवढा पैसा कुठून येतो हे असं घर बघताना डोळ्याआड करू नये, असं मला वाटतं. आमच्या बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या बाबतीतही ते करू नये.

लेकीला आधी घर बघायचं होतं, मला बाग. हवा उघडी होती म्हणून बाग जिंकली.

दक्षिणेच्या बाजूला एक लांबच लांब तळं आहे, 1702 साली खणलेलं, आणि त्यात 'एम्परर फाउंटन'. रशियाचा झार पहिला निकोलस 1844 मध्ये इंग्लंडला येणार होता. तो चॅट्सवर्थला येईल म्हणून सहाव्या ड्यूकने त्याच्या स्वागतासाठी हे कारंजं करायला घेतलं. कामाची जबाबदारी मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टनवर. वर डोंगरात 8 एकरांचा तलाव खणायचा, तिथून नळ खाली आणायचे, आणि हे सगळं काही महिन्यांत. मजूर रात्री मशालींच्या उजेडात खणत होते. कारंजं वेळेत तयार झालं. पाण्याची धार जवळजवळ 90 मीटर उंच जाऊ शकते अशी नोंद आहे. झार मात्र चॅट्सवर्थला आलाच नाही.

मी गेले त्या दिवशी वारा होता, त्यामुळे धार बेताची ठेवली होती. तरी नातू मान वर करकरून बघत होता. जवळच एक वयस्क माळीबाबा कडेचं गवत कापत होते. त्यांना माझा नेहमीचा प्रश्न विचारला. पंप कुठे बसवलाय? ते उठून उभे राहिले आणि हाताने वरचा डोंगर दाखवून म्हणाले, पंप नाहीच. वरच्या माळरानातून पाणी चरांनी तलावात येतं, तलावातून नळाने खाली, आणि जेवढा उतार तेवढा जोर. वर झडप उघडायची, बस्स. 1893 मध्ये याच पाण्यावर जनित्रं चालवून घरात विजेचे दिवे लावले, हेही त्यांनी सांगितलं.

मला इतका आनंद झाला की मी त्यांना आजव्याबद्दल सांगत सुटले. बडोद्याच्या पूर्वेला सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मातीचं धरण घालून सरोवर केलं आणि त्याचं पाणी नैसर्गिक उतारावर शहरापर्यंत आणलं. आजही शहराच्या बऱ्याच भागाला ते पाणी मिळतं. बाबांनी अगदी मन लावून ऐकलं. उतार किती, नळ कसले, गाळ कसा काढतात, असे त्यांचे प्रश्न होते. बागेत काम करणारा माणूस आहे हे प्रश्नांवरूनच कळत होतं.

तिथून कॅस्केडकडे गेलो. डोंगराच्या उतारावर दगडी पायऱ्यांचे 24 टप्पे, आणि त्यांवरून पाणी वाहत येत होतं. काम ग्रिये नावाच्या फ्रेंच जलतज्ज्ञाचं, 1690 च्या दशकातलं. वरच्या टोकाला छोटं देवळासारखं घर आहे, त्याच्या छपरावरूनही पाणी ओघळत होतं. प्रत्येक टप्पा थोडा वेगळा ठेवलाय, कुठे पायऱ्या जास्त, कुठे रुंदी वेगळी, त्यामुळे पाण्याचा आवाज जागोजागी बदलतो. हे वाचलेलं नसतं तर लक्षात आलं नसतं. लेक आणि मी वरपासून खालपर्यंत प्रत्येक टप्प्याशी थांबत, डोळे मिटून ऐकत उतरलो. नातू बूट काढून इतर मुलांबरोबर पाण्यात उतरला होता. तिथे पोरांना कोणी हटकत नव्हतं, ही गोष्ट मला फार आवडली. तीनशे वर्षांचं दगडी काम आहे, आणि त्यावर पोरं पाय बुडवून हुंदडत होती.

आता पॅक्स्टनबद्दल. हा माणूस मला त्या घराच्या सगळ्या ड्यूकांपेक्षा जवळचा वाटतो.

1803 साली बेडफर्डशायरमधल्या एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्म. चिझिकला हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत कामाला होता. ती जागा सहाव्या ड्यूकचीच, त्याच्या घराला लागून, त्यामुळे ड्यूकचं बागेत येणंजाणं होतं आणि हा हुशार पोरगा त्याच्या नजरेत भरला. 23 व्या वर्षी ड्यूकने त्याला चॅट्सवर्थचा मुख्य माळी नेमलं आणि स्वतः रशियाला निघून गेला. पॅक्स्टनने पहिल्या दिवसाची हकीकत लिहून ठेवली आहे. 9 मे 1826, पहाटे साडेचारला तो पोहोचला. फाटकं बंद, म्हणून परसबागेच्या भिंतीवरून चढून आत गेला. सगळी बाग पायाखाली घातली, सहाला माणसं आली त्यांना कामाला लावलं, पाण्याची कारंजी सुरू करवून बघितली, मग घराच्या कारभारणीकडे नाश्ता केला, आणि तिथे तिची भाची सेरा भेटली. नऊ वाजायच्या आत तो तिच्या प्रेमात पडला होता. पुढच्या वर्षी लग्न झालं. ही सेरा पुढे नवरा फिरतीवर असताना बागेचे हिशेब, माणसं, पत्रव्यवहार सगळं सांभाळत असे. तिच्यावरही कोणी मराठीत लिहावं असं मला फार वाटतं.

पॅक्स्टनचं सगळ्यांत मोठं काम आज तिथे नाही. 1836 ते 1840 च्या दरम्यान त्याने 'ग्रेट कॉन्झर्व्हेटरी' उभी केली. लाकूड, लोखंड आणि काच यांची दोनशे फुटांहून लांब वास्तू, आत खजुरी, केळी, उष्ण देशांतली झाडं. खाली भट्ट्या, आणि त्यांचा कोळसा भुयारातून यायचा म्हणजे पाहुण्यांना धूर-धूळ दिसायला नको. 1843 मध्ये व्हिक्टोरिया राणी आली तेव्हा आत 12,000 दिवे लावले होते आणि राणीची बग्गी मधल्या रस्त्याने आतून गेली. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं थंडीने मेली. 1920 मध्ये सुरुंग लावून ती पाडली. आता तिथे झाडांच्या कुंपणांचा भुलभुलैया आहे. नातू त्यात पळत होता आणि मी बाहेर त्या जागेवर उभी राहून ती काच मनात उभी करत होते. ॲमेझॉनमधलं राक्षसी कमळ पॅक्स्टनने 1849 मध्ये इथेच फुलवलं. त्याच्या पानावर त्याने आपल्या छोट्या मुलीला उभं केलं होतं. त्या पानाच्या खालच्या शिरांची रचना बघून त्याला काच पेलणाऱ्या सांगाड्याची दिशा मिळाली आणि 1851 मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्याचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. माळ्याने केलेली ही इमारत, आणि तिच्यासाठी त्याला 'सर' किताब मिळाला.

आता केळीची गोष्ट. ही मी आल्यापासून शेजारपाजारच्या सगळ्यांना सांगितली आहे. मॉरिशसहून इंग्लंडला आलेली बुटक्या जातीची केळ पॅक्स्टनने 1830 च्या सुमारास मिळवली, काचघरात वाढवली, आणि 1835 च्या नोव्हेंबरमध्ये तिला केळफूल आलं. मालकाच्या आडनावावरून तिचं नाव पडलं 'म्युसा कॅव्हेंडिशी'. चॅट्सवर्थच्या रोपांपैकी काही जॉन विल्यम्स या मिशनऱ्याने सामोआला नेली आणि तिथून ती पॅसिफिकच्या बेटांवर पसरली. विसाव्या शतकाच्या मध्यावर पनामा रोगाने 'ग्रो मिशेल' ही तेव्हाची बाजारातली मुख्य जात मारली, तेव्हा व्यापाऱ्यांनी कॅव्हेंडिशचा आधार घेतला. आज परदेशी दुकानांत मिळणारं जवळपास प्रत्येक केळं याच गटातलं. आपल्याकडेही जळगावची बसराई घ्या, आणंद-भरूचकडून बडोद्याच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, येणारी ग्रँड नैन घ्या, गट कॅव्हेंडिशच. चॅट्सवर्थच्या काचघरात केळीचं झाड काचेतून दिसलं तेव्हा मी लेकीला म्हटलं, "बघ, मांडवीतल्या लारीचं हे आजोळ." ती हसली, पण मग तिनेच फोटो काढला.

आणि उर्वशी. मुंबईच्या राणीच्या बागेतलं उर्वशीचं झाड मी फुललेलं बघितलंय. लाल-पिवळ्या फुलांचे लोंबते घोस, झाडाखालून हलावंसं वाटत नाही. हे झाड मूळचं ब्रह्मदेशातलं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे वॉलिच यांनी त्याचं वर्णन जगापुढे आणलं आणि सहाव्या ड्यूकला ते काहीही करून हवं झालं. 1835 साली पॅक्स्टनने आपल्या हाताखालच्या जॉन गिब्सन या विशीतल्या माळ्याला हिंदुस्थानात पाठवलं. तो कलकत्त्याला पोहोचला, तिथून खासी टेकड्यांत चेरापुंजीला गेला, पावसात महिनोन् महिने राहून ऑर्किडं गोळा केली, आणि 1837 मध्ये पेट्या भरभरून परतला. उर्वशीसुद्धा होती. इंग्लंडमध्ये तिचं पहिलं फूल मात्र 1849 मध्ये दुसऱ्याच एका बागेत, लंडनजवळ ईलिंगला उमललं. गिब्सन पुढे बॅटरसी पार्कचा प्रमुख झाला.

गिब्सन सुखरूप आला म्हणून पॅक्स्टनने आणखी दोघांना उत्तर अमेरिकेत पाठवलं. रॉबर्ट वॉलेस आणि पीटर बँक्स. 1838 मध्ये कोलंबिया नदीत होडी उलटून दोघेही बुडाले. रोपांसाठी दोन तरुण माणसं गेली. चॅट्सवर्थच्या दप्तरात पत्रं आहेत, हिशेब आहेत, म्हणून ही नावं आज आपल्याला माहीत आहेत. एक मात्र मनातून जात नाही. खासी टेकड्यांत गिब्सनला वाटा कोणी दाखवल्या? झाडांवर चढून ऑर्किडं कोणी उतरवली? कलकत्त्याच्या उद्यानात त्या रोपांना महिनोन् महिने पाणी कोणी घातलं? ती माणसं तिथल्या कुठल्याही पाटीवर नाहीत. बागेतल्या एका बाकावर बसून थेपले खाताना हेच लेकीशी बोलत होते.

घर दुपारनंतर बघितलं. रंगवलेल्या दालनाच्या भिंती-छतावर लागेर या चित्रकाराने ज्युलियस सीझरच्या आयुष्यातले प्रसंग काढलेत. एका दारावर खुंटीला व्हायोलिन टांगलंय असं वाटतं, जवळ गेल्यावर कळतं की तेही चित्र. शिल्पांच्या दालनात मोंती या इटालियन शिल्पकाराची बुरख्यातली कुमारी आहे. संगमरवराचा बुरखा, आणि त्यातून चेहरा दिसतो! तिथून नातवाला ओढून न्यावं लागलं. बाकी खोल्या, भांडी, पडदे, पलंग खूप आहेत, आवडणाऱ्यांना दिवस पुरणार नाही. मला एवढं आवडलं की 1950 मध्ये दहावे ड्यूक वारल्यावर 80 टक्के वारसा कर बसला, हार्डविकचं घर आणि कितीतरी मौल्यवान वस्तू सरकारला द्याव्या लागल्या, तरी चॅट्सवर्थ टिकलं आणि पुढे विश्वस्त संस्थेकडे गेलं. आज तिकीट काढून कोणीही आत जातं.

परतीची बस यायला वेळ होता म्हणून उद्यान ओलांडून ईडनसर गावात गेलो. हे गाव पूर्वी घरातून दिसायचं. ड्यूकांना ते नजरेसमोर नको होतं, म्हणून ते हलवलं. सहाव्या ड्यूकच्या काळात, 1838 नंतर, पॅक्स्टनच्या देखरेखीखाली ते नव्या जागी वसवलं. जुन्यातलं एकच घर मूळ जागी उभं आहे. नव्या गावातलं प्रत्येक घर वेगळ्या घडणीचं आणि देखणं आहे, हे खरं. पण आपलं घर डोळ्यांना खुपतं म्हणून उठवलं जाणं ही साधी गोष्ट नाही, आणि ती पॅक्स्टनच्या हातून झाली याचं मला वाईट वाटलं. त्याची समाधी तिथल्याच दफनभूमीत आहे. मी दोन मिनिटं उभी राहिले. बागेतलं एक पडलेलं पान पिशवीत होतं, ते तिथे ठेवलं.

बडोद्याला आल्यावर लक्ष्मीविलासच्या बागेत पुन्हा गेले. ती आखली विल्यम गोल्डरिंग यांनी, मूळचे लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातले. 1893 मध्ये क्यूहूनच क्रुंबिगल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ बडोद्याला आले, त्यांनी संस्थानच्या बागा सांभाळल्या आणि 1908 मध्ये ते बंगळूरला गेले. तिथे लालबागेच्या संदर्भात त्यांचं नाव आजही घेतात. या दोघांबद्दल वाचायला मिळतं. पण त्यांनी कागदावर आखलेलं ज्यांनी मातीत उतरवलं, विश्वामित्रीच्या काठी कमाटीबागेत ज्यांनी 1879 पासून खड्डे खणले, रोपं लावली, मे महिन्यात पखाली वाहिल्या, त्या माळ्यांची, मुकादमांची, माळणींची नावं कुठे एकत्र सापडत नाहीत. आजोबांच्या बरोबरीच्या काही जणांची टोपणनावं तेवढी मला आठवतात. पूर्ण नावं आईला माहीत असतील, तिला विचारून लिहून घ्यायचं काम सुरू केलंय.

हे वाचणाऱ्यांत बडोद्याची जुनी मराठी घरं बरीच आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, बाबाजीपुरा, कुठेही असाल. तुमच्या घरातलं कोणी बाग खात्यात किंवा खानगीत, म्हणजे राजघराण्याच्या खासगी खात्यात, बागेच्या कामावर असेल, तर ट्रंकेत बघा. नेमणुकीचा कागद, पगाराची पावती, एखादा गटाचा फोटो, मागे पेन्सिलीने लिहिलेली नावं. गुजराती आणि मुसलमान घरांतूनही ही माणसं होती, तुमच्या ओळखीत असतील तर त्यांनाही विचारा. कागद द्यायची गरज नाही, फोटो काढून ठेवा आणि नाव, गाव, कुठल्या बागेत, साधारण कुठल्या वर्षी, एवढं खाली लिहा. मी सगळं एका वहीत उतरवते आहे.